वाकलेल्या बोटांना रात्रीचा आधार

आपला तळहात टेबलावर पालथा ठेवून पाहा. तो सपाट टेकत नसेल आणि अनामिका किंवा करंगळी आत वळून राहत असेल, तर ‘वय झाले’ म्हणून स्वस्थ बसू नका. तळहाताच्या कातडीखालील तंतुमय पडदा जाड होऊन त्याचे दोर बनतात व ते बोटांना ओढून धरतात. पॅरिसचे शल्यविशारद द्युपुइत्राँ यांनी १८३१ साली या विकारावर व्याख्यान दिले. त्यांचेच नाव त्यास मिळाले.

मोठ्या शस्त्रक्रियेवाचूनही हा दोर तोडता येतो. जागा बधिर करून डॉक्टर सुईच्या टोकाने तो ठिकठिकाणी छेदतात आणि बोट सरळ करतात. पण ते पुन्हा वाकणारच नाही, अशी हमी नसते. म्हणून पुष्कळ डॉक्टर काही महिने रात्री स्प्लिंट बांधावयास सांगतात. झोपेत बोटे आपोआप मिटतात. स्प्लिंट त्यांना सरळ धरते. दिवसा मात्र ती काढून हाताला नेहमीचे काम व व्यायाम द्यावा.

घट्ट बांधल्याने अधिक गुण येतो, ही समजूत चुकीची आहे. बोट निळसर पडले, बधिर झाले वा ठणकू लागले, तर पट्टी तत्काळ सैल करून डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक इशारा: उपचाराआधीच वाकलेल्या बोटाची संवेदना गेलेली असेल, तर तो कुष्ठरोगही असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात आणि त्यांनी रोग बरा होतो. संकोचापायी विलंब करू नका.