‘बिगिनर फ्रेंडली’ ट्रेक नक्की कोणासाठी? ग्रुपसोबत जाण्याआधी हे गणित समजून घ्या

पावसाची पहिली सर आली की इन्स्टाग्रामवर ट्रेकच्या पोस्टर्सचा महापूर येतो. शनिवारी रात्री निघायचं, रविवारी रात्री परत. पिकअप पॉइंट, नाश्ता, जेवण, फोटो, सगळं पॅकेजमध्ये. आणि कोपऱ्यात एक छोटी ओळ असते, ‘लेव्हल : सोपी ते मध्यम’.

नाव नोंदवणारे बहुतेक जण ही ओळ वाचतात आणि पैसे भरून मोकळे होतात. पण सोपं कोणासाठी? रोज पाच किलोमीटर धावणाऱ्यासाठी, की आठवडाभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यासाठी? उन्हाळ्यात की मुसळधार पावसात? आणि सोपं म्हणजे दम कमी लागतो, की पडण्याची भीती कमी आहे?

या प्रश्नांची उत्तरं पोस्टरवर नसतात. ती डोंगरावर मिळतात, तेव्हा माणूस अर्ध्या वाटेवर धापा टाकत बसलेला असतो किंवा एखाद्या कातळटप्प्यावर थिजून उभा असतो. सहभागी आणि ट्रेक यांची जोडी कशी जुळवायची, ते म्हणूनच आधी समजून घ्यायला हवं.

गड एक, वाटा तीन

पहिली गोष्ट म्हणजे सोपा किंवा अवघड असतो तो गड नव्हे, वाट.

हरिश्चंद्रगडाचं उदाहरण घ्या. पाचनईतून जाणारी वाट बऱ्यापैकी सोपी समजली जाते. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून जाणारी वाट लांब आहे आणि त्यात कातळाचा टप्पाही आहे. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने जायचं तर दिवसभर दगडधोंड्यांतून खडी चढाई करावी लागते. तिन्ही वाटा एकाच गडावर पोहोचतात, फोटोही त्याच कोकणकड्यावर निघतो. पण पाचनईच्या वाटेने आरामात गेलेला माणूस नळीच्या वाटेवर टिकेलच असं नाही.

राजमाचीचंही तसंच. लोणावळ्याहून गेलं तर साधारण पंधरा किलोमीटरची चाल आहे, पण चढ-उतार फारसे नाहीत. कर्जतजवळच्या कोंदिवड्याहून गेलं तर अंतर बरंच कमी आणि चढ मात्र खडा. एका वाटेवर पायांची चिकाटी लागते, दुसरीवर छातीचा भाता चालावा लागतो.

त्यामुळे पोस्टरवर फक्त गडाचं नाव असेल तर माहिती अर्धीच आहे. ‘कोणत्या गावातून चढणार आणि कुठे उतरणार?’ हा पहिला प्रश्न.

दम वेगळा, तंत्र वेगळं

दुसरी गल्लत त्याहून मोठी आहे. फिटनेस आणि कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण ‘सोपा-मध्यम-कठीण’ या एकाच पट्टीवर दोन्ही मोजल्या जातात.

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, उंची १६४६ मीटर. बारी गावातून जाणाऱ्या वाटेवर अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आणि कठडे आहेत. इथे दम लागतो, मांड्या भरून येतात, पण दोर लावून चढण्याचं तंत्र लागत नाही.

आता नाशिक जिल्ह्यातला हरिहर बघा. चाल तुलनेने कमी. पण शेवटी कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्या आहेत. हाताने धरायला पायऱ्यांमध्ये खोबण्या आहेत आणि खाली पाहिलं की पोटात गोळा येतो. सह्याद्रीतले जुने भटके याला ‘दृष्टीभय’ म्हणतात. मॅरेथॉन धावणारा माणूस इथे थरथरू शकतो आणि पोट सुटलेला माणूस शांतपणे चढून जाऊ शकतो. पनवेलजवळच्या कलावंतीणच्या पायऱ्यांवरही हाच अनुभव येतो.

तिसरा प्रकार अलंग-मदन-कुलंगचा. अलंग आणि मदनला दोर, हार्नेस आणि ते वापरता येणारी माणसं लागतात. शेजारचा कुलंग दोराविना चढता येतो, पण त्याची लांबलचक चढाई भल्याभल्यांना घाम फोडते.

म्हणून कोणताही ट्रेक निवडताना तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात :

- दम : एकूण किती किलोमीटर आणि किती मीटर चढाई?
- तंत्र : हात वापरून चढायचे टप्पे आहेत का? दोर लावणार का?
- दृष्टीभय : एका बाजूला खोल दरी असलेली अरुंद वाट किंवा उघड्या पायऱ्या आहेत का?

स्वित्झर्लंडमध्ये अल्पाइन क्लबने पायवाटांसाठी टी १ ते टी ६ अशी श्रेणी ठरवली आहे. वाट किती स्पष्ट आहे, पडण्याचा धोका किती, हात वापरावे लागतात का, यावर ती ठरते. आपल्याकडे पोस्टरवरचा ‘मध्यम’ हा शब्द मात्र जो तो आपापल्या हिशेबाने वापरतो. एका ग्रुपचा ‘मध्यम’ दुसऱ्याचा ‘कठीण’ असू शकतो.

वेळेचा हिशेब कसा करायचा?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम सांगितला. तो आजही वापरला जातो. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास मिळवायचा.

समजा एका बाजूने सहा किलोमीटर चाल आणि ८०० मीटर चढाई आहे, म्हणजे कळसूबाईच्या आसपास. अंतराचे ७२ मिनिटं, चढाईचे ८० मिनिटं. एकूण सुमारे अडीच तास.

पण हा हिशेब सराव असलेल्या माणसाचा आहे. त्यात विश्रांती नाही, फोटो नाहीत, शिडीखालची रांग नाही. पंचवीस-तीस नवख्या माणसांचा ग्रुप असेल तर यात दीड-दोन तास सहज वाढतात. आणि उतरायला वेळ लागत नाही हा गैरसमज आहे. घसाऱ्याच्या वाटेवर नवखा माणूस चढण्यापेक्षाही हळू उतरतो. शिवाय तोवर गुडघे थकलेले असतात, लक्ष उडालेलं असतं. ‘चढलो, आता काय उरलं?’ असं वाटतं तिथेच पाय घसरतो.

म्हणून चांगला लीडर निघण्याआधीच ‘परत फिरायची वेळ’ ठरवतो. दुपारी एक म्हणजे एक. शिखर अर्ध्या तासावर असलं तरी मागे फिरायचं, म्हणजे अंधाराच्या आत सगळे गावात.

ऋतू बदलला की लेव्हल बदलते

लोहगडाला पायऱ्या आहेत, शाळकरी मुलंही चढतात. पण पावसाळ्यातल्या रविवारी त्याच पायऱ्या निसरड्या होतात आणि वर माणसांची इतकी दाटी होते की पुढे जाता येत नाही, मागेही फिरता येत नाही. हरिहरच्या पायऱ्यांवर अशी कोंडी झाली तर धोका कितीतरी वाढतो, कारण चढणारे आणि उतरणारे एकाच अरुंद वाटेवर समोरासमोर येतात.

सांदण दरीत हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात लोक उतरतात. पावसाळ्यात तीच अरुंद घळ पाण्याचा मार्ग असते. तिथे कोणाचाही फिटनेस कामाला येत नाही.

आणि मार्च ते मे? वाट कोरडी, पण सावली नाही. गडावरची टाकी आटलेली. फेब्रुवारीत जमलेला ट्रेक एप्रिलमध्ये उष्माघातापर्यंत नेऊ शकतो. उन्हाळ्यात माणशी तीन ते चार लिटर पाणी सोबत असावं, आणि त्या पाण्याचं तीन-चार किलो वजन आपल्याच पाठीवर असतं, हेही लक्षात ठेवावं.

ग्रुपचा वेग शेवटच्या माणसाचा

ग्रुप ट्रेकमध्ये एक प्रसंग हमखास घडतो. पुढचे दहा जण भराभर चढतात आणि टप्प्यावर बसून मागच्यांची वाट पाहतात. शेवटचा माणूस धापा टाकत पोहोचला की ते उठतात, ‘चला, निघूया!’ म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वात जास्त गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. असं तीन-चार वेळा झालं की तो पूर्ण खचतो. पण लाजेपोटी बोलत नाही. आपल्यामुळे सगळे खोळंबलेत, ही भावना पायांपेक्षा जास्त जड होते.

इथून पुढे दोन गोष्टी होतात. तो ओढूनताणून चालत राहतो आणि पडतो, किंवा मागे राहतो आणि वाट चुकतो.

उपाय साधे आहेत. सर्वात हळू चालणाऱ्याला लीडरच्या मागोमाग, पुढे ठेवायचं. शेवटी कायम एक अनुभवी माणूस हवा आणि त्याच्यामागे कोणीही नको. विश्रांतीची वेळ शेवटचा माणूस पोहोचल्यावर मोजायची. वाटेला फाटा असेल तिथे सगळे येईपर्यंत थांबायचं. आणि थकलेल्या माणसाला ‘तू इथेच बस, आम्ही येतो’ किंवा ‘तू एकटा खाली जा’ असं कधीच सांगायचं नाही. कोणी परत फिरणार असेल तर सोबत वाट माहीत असलेला माणूस हवाच. म्हणजेच अशी माणसं देता येतील एवढे लीडर ग्रुपमध्ये आधीपासून असायला हवेत. चाळीस जणांमागे दोन लीडर असतील तर हे गणित पहिल्याच थांब्यावर कोलमडतं.

आयोजकांनी काय विचारायला हवं?

‘तुम्ही फिट आहात का?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. सगळे ‘हो’च म्हणतात. खरं उत्तर हवं असेल तर प्रश्न नेमका हवा :

- गेल्या सहा महिन्यांत कोणता ट्रेक केला? कोणत्या वाटेने? किती वेळ लागला?
- उंचीची भीती वाटते का? कधी कुठे अडकला होता का?
- छातीत दुखणं, चक्कर, दमा, रक्तदाब, सांधेदुखी, सुरू असलेली औषधं?

कॅनडात तयार झालेली ‘पार-क्यू’ ही सात प्रश्नांची यादी व्यायाम सुरू करण्याआधीच्या चाचपणीसाठी जगभर वापरली गेली आहे. एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर आधी डॉक्टरांना भेटा, असा तिचा साधा नियम. असा फॉर्म भरून घ्यायला पाच मिनिटं लागतात.

अडचण वेगळीच आहे. बस भरली नाही तर आयोजकाचा तोटा होतो, म्हणून ‘कोणीही येऊ शकतं’ असं लिहिलं जातं. आणि पैसे परत मिळणार नसतील तर सहभागीही ताप असताना येतो, आजार लपवतो. दोघांचा हिशेब पैशांचा आणि जोखीम सगळ्या ग्रुपची. ‘हा ट्रेक तुम्हाला जमणार नाही, पुढच्या महिन्यातला सोपा घ्या, पैसे तिकडे वळवतो’ असं सांगणारा आयोजक म्हणूनच जास्त भरवशाचा.

साहसी पर्यटनासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये धोरण आणलं, त्यात आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेवर भर आहे. ग्रुप नोंदणीकृत आहे का, लीडरने गिर्यारोहणाचं किंवा प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का, हे विचारण्यात संकोच नको.

स्वतःची पातळी कशी ओळखायची?

सर्वात सोपी चाचणी बोलण्याची. चढताना सलग दोन-तीन वाक्यं बोलता येत असतील तर वेग बरोबर. एकेक शब्द तुटत असेल तर वेग जास्त आहे.

पुण्यातले ट्रेकर्स सिंहगडावर सराव करतात. आतकरवाडीतून जाणाऱ्या पायवाटेने साधारण ६०० मीटर चढाई होते. पाठीवर सॅक घेऊन न थांबता, न धापता वर पोहोचणं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना न कण्हणं, ही उत्तम परीक्षा. गड जवळ नसेल तर इमारतीचे जिने आहेतच. दहा मजले रोज चढायला कोणी पैसे मागत नाही.

मग पायरी-पायरीने पुढे जायचं. आधी पायऱ्यांचा गड, मग लांब चाल, मग मोठी चढाई, मग दृष्टीभय असलेली वाट, आणि शेवटी दोर. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. नवी उंची, नवी वाट आणि मुसळधार पाऊस, सगळं एकाच रविवारी नको.

आणि हिमालय?

इथे आणखी एक परीक्षा येते. साधारण २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो : डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखरच १६४६ मीटर, म्हणजे सह्याद्रीत कितीही सराव केला तरी या परीक्षेची तयारी होत नाही. हा त्रास तरुण आणि तगड्या माणसालाही होतो. उलट फिट माणूस भराभर उंची गाठतो म्हणून जास्त अडचणीत येऊ शकतो. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य सल्ला आहे. हिमालयातला ट्रेक निवडताना कमी दिवसांत आणि कमी पैशांत उरकणाऱ्या कार्यक्रमापेक्षा एक दिवस जास्त देणारा बरा, तो यासाठी.

चुकीच्या ट्रेकला आलोय असं वाटलं तर?

लवकर सांगायचं. पायथ्यापासून वीस मिनिटांवर परत फिरणं सोपं असतं, कातळाच्या मध्यावर नाही. चक्कर, छातीत दुखणं, थंडी वाजून येणं, घाम थांबणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही लक्षणं अंगावर काढायची नसतात. आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. पण डोंगरात अनेकदा रेंज नसते आणि मदत पोहोचायला तास लागतात. बहुतेक वेळा पहिल्यांदा धावून येतात ते पायथ्याच्या गावातलेच लोक. म्हणून चढण्याआधी गावात एखाद्या घरी किती जण आहोत आणि कधी परतणार, एवढं सांगून ठेवावं.

गड शेकडो वर्षं तिथेच आहे. या रविवारी नाही जमला तर पुढच्या हिवाळ्यातही तो तिथेच असेल.