जाल-संपर्क निरीक्षण प्रणालींची विश्वासार्हता

संगणक कोणत्या पत्त्याशी, केव्हा आणि कोणत्या आज्ञावलीमार्फत संपर्क साधतो याची नोंद ठेवणाऱ्या आज्ञावलीस जाल-संपर्क निरीक्षण प्रणाली किंवा नेटवर्क मॉनिटर म्हणतात. या कामासाठी तिला संगणकावर व्यापक अधिकार द्यावे लागतात. त्यामुळे पहारेकऱ्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा, हा प्रश्न उद्भवतो.

बंदिस्त स्रोत

बंदिस्त प्रणालीची मूळ संहिता केवळ उत्पादकाकडे असते. वापरणाऱ्यास त्याच्या शब्दावर विसंबावे लागते. अमेरिकेतील सोलरविंड्स कंपनीची ओरायन ही अशीच निरीक्षण प्रणाली. हल्लेखोरांनी कंपनीच्या निर्मितीप्रक्रियेतच घातक भाग घुसवला. तो कंपनीच्या अस्सल अंकीय स्वाक्षरीनिशी सुमारे १८,००० ग्राहकांकडे पोहोचला व डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आला. पाळत ठेवणारे साधनच चोरवाट ठरले.

मुक्त स्रोत

टीसीपीडम्प (१९८८) आणि वायरशार्क (१९९८, मूळ नाव इथीरियल) यांची संहिता कोणासही वाचता येते. मात्र वाचता येणे म्हणजे वाचली जाणे नव्हे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या मुक्तस्रोत साधनात चोरवाट आढळली. लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा एका अभियंत्याने शोध घेतला म्हणून ती सापडली. त्या चोरवाटेचा एक दुवा सार्वजनिक संहितासंग्रहात नव्हता. तो केवळ वितरित संचात होता. म्हणजे वाचलेली संहिता आणि प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली एकच आहे, याचीही खात्री करावी लागते. तरीही शोध शक्य झाला तो संहिता खुली असल्यामुळेच.

स्थानिक संदर्भ

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. एटीएमच्या विनंत्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत न जाता बनावट स्विचकडे वळवल्या गेल्या आणि तोच मंजुरी देत राहिला. अशा वेळी संपर्क खरोखर कोठे जातो, हे पाहणारी स्वतंत्र नजर मोलाची ठरते.

त्याच जिल्ह्यातील बारामती, इंदापूर तालुक्यांतील पतसंस्थेत किंवा साखर कारखान्याच्या कार्यालयात संहिता वाचणारा तज्ज्ञ असेलच असे नाही. मुक्त प्रणाली असल्यास ती बाहेरच्या जाणकाराकडून तपासून घेता येते. बंदिस्त प्रणालीबाबत ही सोय सहसा नसते. दोन्ही प्रकारांना लागू पडणारा साधा उपाय म्हणजे संगणकावरील नोंद राउटरवरील नोंदीशी ताडून पाहणे. संगणकात शिरलेली घातक आज्ञावली तेथील नोंद लपवू शकते. वेगळ्या यंत्रावरील नोंद लपवणे तिला अवघड जाते.