शस्त्रक्रियेआधीची सायकल

शाळेचे तीन जिने भरभर चढा आणि वर पोहोचताच एखादे लांबलचक वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्या मजल्यावर ते एका दमात म्हणता येते, तिसऱ्यावर मध्येच तुटते. असे का होते हे कळले, की कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णालयांत रुग्णाला सायकलवर का बसवतात तेही कळेल.

स्नायूंना ऊर्जा मिळते ती मुख्यतः ऑक्सिजन वापरून. श्रम वाढत गेले, की एका टप्प्यानंतर ही व्यवस्था एकटी पुरी पडत नाही. मग ऑक्सिजनविनाही ग्लुकोजचे विघटन वाढते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साचू लागते. रक्तातले बायकार्बोनेट या आम्लाचे उदासिनीकरण करते आणि कार्बन डायॉक्साइड सुटतो. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळल्यावर जी फसफस होते, तीच ही क्रिया! हा जादा वायू बाहेर टाकण्यासाठी श्वास जोरात चालतो.

चाचणीत रुग्ण तोंडावर मुखवटा लावून पेडल मारतो. सायकलचा भार हळूहळू वाढवतात व श्वासातले वायू मोजतात. कार्बन डायॉक्साइड ऑक्सिजनच्या मानाने एकदम जास्त वाढू लागला, की तो उंबरठा आला असे समजायचे. रक्ताचा थेंबही काढावा लागत नाही.

याचा शस्त्रक्रियेशी संबंध काय? स्वस्थ बसलेल्या माणसाला दर किलो वजनामागे दर मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ही गरज साधारण दीडपट होते, तीही रात्रंदिवस, काही दिवस. जिन्यावर दम लागला तर आपण थांबतो. रुग्णाला थांबण्याची सोय नसते.

मेलबर्नचे डॉ. पॉल ओल्डर व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या १८७ वृद्धांची आकडेवारी प्रसिद्ध केली. उंबरठा ११ मिलिलिटरच्या खाली असलेल्या ५५ जणांपैकी १० जण हृदय व रक्ताभिसरणाच्या कारणांनी दगावले; उरलेल्या १३२ पैकी फक्त एक.

पण हा आकडा म्हणजे काही जन्मपत्रिका नव्हे. तो बदलता येतो. गुदाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधी दिलेल्या औषधोपचार व किरणोपचारांनी तो आणखी घसरतो. लिव्हरपूलच्या गटाने अशा रुग्णांकडून सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, जोरात व सावकाश असे आलटून पालटून सायकलिंग करून घेतले. २०१५ मध्ये त्यांनी दाखवले, की गमावलेली क्षमता बहुतेक परत आली. रुग्ण मात्र थोडे, ३९ होते. इतक्या कमी काळात हे घडते, कारण रक्तद्रव काही दिवसांतच वाढतो आणि स्नायूंतील तंतुकणिका काही आठवड्यांत.

क्षमता वाढली म्हणजे गुंतागुंत टळलीच, असे मात्र नाही. जिनिव्हातील २०१७ च्या फुप्फुस कर्करोगाच्या अभ्यासात क्षमता सुमारे १५ टक्के वाढली, फुप्फुसाचे त्रासही घटले. पण मृत्यू व गुंतागुंत मिळून पाहता फरक निर्णायक ठरला नाही. उलट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मोठ्या आतड्याच्या २५१ रुग्णांवरील चाचणीत गंभीर गुंतागुंत शंभरात ३० वरून १७ वर आली. तेथे चार आठवडे व्यायामाबरोबर प्रथिनयुक्त आहार, धूम्रपानबंदी व मानसिक आधारही होता. त्यामुळे श्रेय कशाला किती, हे वेगळे काढता येत नाही. माझ्या मते व्यायामाचा वाटा मोठा असावा, पण तो अंदाजच.

व्यायामासाठी म्हणून कर्करोगाची शस्त्रक्रिया लांबवणे हा मात्र धोका आहे. नाहीतरी वाट पाहण्यात जाणारे जे काही आठवडे असतात, तेवढेच येथे वापरायचे.