टीनी हॅरिस यांची टेकडी

पिट्सबर्ग : अमेरिकेतला मराठी माणूस या शहरात येतो तो बहुधा दोन कारणांनी. एक, पेन हिल्समधले व्यंकटेश्वराचे मंदिर. दुसरे, कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकणारे मूल. त्या विद्यापीठापासून पायी जाता येईल अशा अंतरावर, फोर्ब्ज अव्हेन्यूवर, कार्नेगी कलासंग्रहालय आहे. चार्ल्स ‘टीनी’ हॅरिस या वृत्तपत्र-छायाचित्रकाराच्या सुमारे ८०,००० निगेटिव्ह तिथे जपून ठेवल्या आहेत. एका कृष्णवर्णीय वस्तीचे आयुष्य तिच्यातल्याच माणसाने, चाळीसेक वर्षे न थांबता, इतक्या जवळून टिपल्याचे उदाहरण अमेरिकेत क्वचितच सापडेल. हा देश समजून घ्यायला आलेल्या पाहुण्याला मी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याआधी इथे नेईन.

वस्तीचे नाव हिल डिस्ट्रिक्ट. शहराच्या व्यापारी भागाला लागूनच ही टेकडी चढत जाते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पोलादाच्या कारखान्यांत काम मिळेल म्हणून दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे लोंढ्याने इथे आली. दक्षिणेत भेदाभेद कायद्यात लिहिलेला होता. उत्तरेत तसा कायदा नव्हता, पण घरमालक, बँका आणि हॉटेलवाले यांनी मिळून तेच साधले. डॉक्टर असो, वकील असो की भट्टीवरचा मजूर, कातडी काळी असेल तर राहायचे ठराविक वस्त्यांतच. म्हणून हिलमध्ये गरिबी होती तशी ऐटही होती. वायली अव्हेन्यूवर रात्रभर जॅझ चाले. ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद शहरात आला की कार्यक्रमानंतर वादक याच टेकडीकडे वळत.

हॅरिस यांचा जन्म १९०८चा, याच शहरातला. आईवडील हिलमध्ये हॉटेल चालवत. तरुणपणी ते बेसबॉल खेळले, ज्या क्रॉफर्ड्स संघाने पुढे कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगमध्ये नाव काढले त्याच्या सुरुवातीच्या दिवसांत. तिशीच्या आसपास सेंटर अव्हेन्यूवर त्यांनी स्टुडिओ थाटला आणि ‘पिट्सबर्ग कुरिअर’साठी फोटो काढू लागले. ते काम १९७५पर्यंत चालले.

‘कुरिअर’बद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्याशिवाय हॅरिस कळत नाहीत. त्या काळच्या गोऱ्यांच्या वृत्तपत्रांत काळा माणूस दिसे तो मुख्यतः गुन्ह्याच्या बातमीत. त्याच्या घरचे लग्न, त्याच्या मुलीची पदवी, त्याच्या चर्चचा वर्धापनदिन यांना तिथे जागा नव्हती. ती जागा कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांनी दिली आणि ‘कुरिअर’ त्यांत अग्रेसर होता. तो देशभर जाई. दक्षिणेत तो उघडपणे विकणे धोक्याचे होते, तेव्हा आगगाडीच्या शयनयानांत नोकरी करणारे कृष्णवर्णीय पोर्टर त्याचे गठ्ठे पोहोचवत. १९४२मध्ये एका वाचकाच्या पत्रावरून या साप्ताहिकाने ‘डबल व्ही’ मोहीम उभारली : परदेशात फॅसिझमवर विजय आणि घरात वर्णद्वेषावर विजय. तीसच्या दशकात कृष्णवर्णीय विचारवंत विल्यम ड्यूबॉइस इथे नियमित स्तंभ लिहीत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे मांडले जात असताना १९४६मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्यांना पत्र लिहून त्या निवेदनाच्या प्रती मागितल्या, तेच हे ड्यूबॉइस. मराठी वाचकाला हे जग वाटते तेवढे परके नाही.

हॅरिस स्पीड ग्राफिक वापरत. तो कॅमेरा जड. फ्लॅशचा बल्ब एकदा उडाला की संपला, नवा बसवावा लागे. इतर छायाचित्रकार एकामागून एक बल्ब उडवत, हॅरिस येऊन एकच फोटो काढून निघून जात. महापौर डेव्हिड लॉरेन्स यांनी त्यांना ‘वन शॉट’ असे नावच ठेवले.

त्या एकेका फोटोत कोण नाही? गायिका लीना हॉर्न आहे, बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन आहे, मार्टिन ल्यूथर किंग आणि केनेडी आहेत. आपल्या आईला उचलून घेतलेला तरुण मुहम्मद अली आहे. हे फोटो सुंदर आहेत, पण माझ्या मते ते या संग्रहाचे वैभव नव्हे. वैभव आहे ते नवे कोट घालून इस्टरला निघालेल्या मुलांत, केस विंचरून देणाऱ्या बायकांत, नव्या गाडीला टेकून उभ्या असलेल्या माणसात, संपाच्या फलकांत, चर्चच्या गायकवृंदात आणि वाढदिवसाच्या केकसमोर बसलेल्या कुटुंबात. यांतल्या कुणालाही हॅरिस यांनी बिचारे केलेले नाही.

याच शहरात १९५५मध्ये यूजीन स्मिथ हा थोर छायाचित्रकार आला. काही आठवड्यांच्या कामासाठी आलेल्या त्या माणसाने शहराच्या हजारो प्रतिमा घेतल्या. हिलमधल्या ‘प्राइड स्ट्रीट’च्या पाटीच्या खांबावर चढणाऱ्या एका मुलाचे त्याचे चित्र जगप्रसिद्ध झाले. ते चित्र मोठेच आहे. पण स्मिथच्या चित्रात तो मुलगा साऱ्या वस्तीचे प्रतीक होतो. हॅरिस यांच्या चित्रात तो कुणाचा तरी मुलगा असतो, पुढच्या आठवड्यात आई अंक उघडून त्याला शोधणार असते. मला हॅरिस अधिक मोलाचे वाटतात ते यासाठी.

मग टेकडीवर घाला पडला. १९४९च्या केंद्रीय गृहनिर्माण कायद्याने जुन्या वस्त्या पाडून नवे बांधायला शहरांना सरकारी पैसा मिळू लागला. त्याला ‘नागरी पुनरुज्जीवन’ म्हणत. १९५६पासून पिट्सबर्गने टेकडीच्या खालच्या भागातली, म्हणजे लोअर हिलमधली, सुमारे ९५ एकर जागा सपाट केली. ८,०००हून अधिक लोक उठले, चारशेहून अधिक दुकाने आणि धंदे गेले. १८०८मध्ये स्थापन झालेल्या कृष्णवर्णीय मंडळीचे बेथेल एएमई चर्च १९५७मध्ये पाडले. तिथे उघडमिट होणाऱ्या पोलादी घुमटाचे सिव्हिक अरीना उभे राहिले, भोवती गाड्यांचे तळ. पुढे पाडापाड आणखी वर सरकू लागली तेव्हा लोकांनी क्रॉफर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर फलक लावला : इथून पुढे नाही. लोअर हिल हॅरिस यांच्या फोटोंत उरली आहे, आणि त्या अन्यायाचा याहून पक्का पुरावा मला माहीत नाही.

तो पुरावाही हातचा जायची वेळ आली होती. १९८६मध्ये वृद्ध हॅरिस यांनी ३,००० डॉलर आणि पुढच्या मानधनाच्या आश्वासनावर सारा संग्रह एका व्यावसायिकाच्या हवाली केला. आश्वासन पाळले गेले नाही, म्हणून त्यांना न्यायालयात जावे लागले. १९९८मध्ये ते वारले. निकाल त्यांच्या पश्चात लागला, निगेटिव्ह कुटुंबाकडे आल्या आणि २००१मध्ये संग्रहालयाने त्या घेतल्या.

बहुतेक निगेटिव्हवर नावे नव्हती. संग्रहालयाने वस्तीतल्या वृद्धांना फोटो दाखवले, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या आणि एकेका चेहऱ्याला नाव मिळत गेले. या कामात पुढे असलेल्या शार्लीन फॉगी-बार्नेट यांचे लहानपणचे फोटो खुद्द हॅरिस यांनीच काढलेले आहेत. ओळख पटवायला अशीच माणसे लागतात, आणि ज्यांनी ती टेकडी पाहिली ते आता ऐंशी-नव्वदीत आहेत.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांना म्हणून एक विनंती. हा संग्रह संग्रहालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. तुमच्या कचेरीत, दवाखान्यात, शेजारी पिट्सबर्गचे मूळ असलेले कुणी कृष्णवर्णीय कुटुंब असेल, तर त्यांच्या घरातल्या आजीआजोबांपर्यंत ही गोष्ट जरूर पोहोचवा. अनेक चेहरे अजून नावाविना आहेत.