विलंबित लयीतील अनुराग

प्रेमाचा उच्चार जितका लांबवावा तितकी प्रेमकथा लांबते, अशी एक समजूत आहे. जपानी मांगा, म्हणजे नियतकालिकांतून क्रमशः येणाऱ्या चित्रकथा, वाचताना ती पुष्कळदा खरीही वाटते. नायकाच्या ओठांवर आलेला शब्द दूरध्वनीच्या घंटेने परत जातो आणि वाचक पुढील अंकाची वाट पाहू लागतो. हा विलंब व्यापारी होय. रुमिको ताकाहाशी यांच्या ‘मेझाँ इक्कोकु’ या कृतीतील विलंब मात्र निराळ्या जातीचा आहे.

१९८० ते १९८७ या काळात ती ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’मधून प्रसिद्ध झाली, पुढे तिचे पंधरा खंड निघाले. टोकियोतील एका जुनाट भाड्याच्या घरात, विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास झालेला गोदाई राहतो. तेथे व्यवस्था पाहण्यास क्योको येते. ती तरुण विधवा आहे. गोदाई आपले प्रेम कथेच्या पूर्वार्धातच, मद्याच्या भरात का होईना, भर रस्त्यात ओरडून सांगतो. उच्चार होऊन गेला; उरला तो प्रतिसाद, आणि त्याला कित्येक वर्षे लागतात.

विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त विप्रलंभाचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार भेद सांगितले आहेत. येथे नायक पूर्वरागात आहे, तर नायिका अद्याप मृत पतीच्या शोकात. दोघांची अवस्था एक नाही, आणि विलंबाचे मूळ या विषमतेत आहे. (मानाचे प्रसंग तर इतके आहेत की क्योकोचा रुसवा कोठे कोठे कंटाळवाणा होतो, हे कबूल केले पाहिजे.) तिच्या कुत्र्याला पतीचेच नाव आहे : सोइचिरो. अंगणात ते नाव पुकारले जाते तेव्हा हसू येते आणि त्याच क्षणी मृताचे अस्तित्वही जाणवते. उलट त्या पतीचा चेहरा लेखिका कधीच स्पष्ट दाखवीत नाहीत. तो छायेतच राहतो. प्रतिस्पर्ध्याला चेहरा असता तर गोदाईला त्याच्याशी तुलना तरी करता आली असती.

म्हणून येथे घटनांपेक्षा काळच अधिक कार्य करतो. कथेतील वर्षे बहुतांशी प्रसिद्धीच्या वर्षांबरोबर चालतात. चेरीचा बहर, उन्हाळा, नववर्ष पुनःपुन्हा येतात. गोदाई पदवीधर होतो, लहान मुलांचा शिक्षक होतो. शोक कसा ओसरला हे मूळ वाचकाला समजावून सांगावे लागले नसेल, कारण त्याचीही तेवढीच वर्षे गेली होती. १९८६ ते १९८८ मधील शहाण्णव भागांच्या ॲनिमे-मालिकेत, म्हणजे दूरचित्रवाणीवरील रूपांतरात, हाच काळ दोन वर्षांत सामावला. संगीताने कारुण्य गडद झाले, परंतु प्रतीक्षेचे वजन काहीसे उतरले, असे मला वाटते.

अखेरीस गोदाई सोइचिरोच्या थडग्यापुढे उभा राहतो. क्योकोच्या मनातून निघून जा, असे तो मृताला म्हणत नाही. तू तिच्या मनाचाच एक भाग झाला आहेस, तेव्हा तुझ्यासह मी तिचा स्वीकार करतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. भर रस्त्यात ओरडणाऱ्या त्या गोदाईला हे सुचणे शक्य नव्हते. क्योको ते ऐकत असते. त्याला ते ठाऊक नसते.