सोयाबीनचे पैसे येण्याआधी घरच्या कर्जाचं एक काम ठरवा



काढणीचा मेसेज परवा गेलाय. ओलावा 12 टक्क्यांच्या आत आला की माल संकलन केंद्रावर आणा, ते परत सांगत नाही. आजचा मेसेज पिकाचा नाही, पिकाच्या पैशाचा आहे. जरा लांब आहे. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा, आणि जमलं तर घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा.

मागच्या आठवड्यात उडीद घालायला आलेले एक काका काट्याजवळ म्हणाले, "मॅडम, पैसे खात्यावर आले की चार दिवसांत कुठं जातात कळत नाही. कर्ज मात्र तेवढंच राहतं." तिथं चार माणसं होती म्हणून मी काही बोलले नाही. पण आमच्या घरी कित्येक वर्षं हेच चाललं होतं, म्हणून आज लिहिते.

कृषी पदविका करून मी नोकरीला लागले तेव्हा आबांना विचारलं, आपल्यावर एकूण कर्ज किती? म्हणाले, "असेल दीडेक लाख." मग वही घेऊन बसलो. सोसायटीचं पीककर्ज 1,20,000. बोअरसाठी गावातल्याच एकाकडून आईची पोत ठेवून घेतलेले 60,000, शेकडा 3 ने. (बोअरला पाणी लागलं नाही, ती गोष्ट वेगळी.) कृषी केंद्राची उधारी 11,400. आणि आईनं बचत गटातून काढलेले 15,000, जे आबांना माहीतच नव्हते. बेरीज झाली 2,06,400. आबा उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत.

सांगायचं कारण, बऱ्याच घरांत हा आकडा कुणाकडेच पूर्ण नसतो. थोडा बापाकडे, थोडा आईकडे, थोडा पोराच्या मोबाईलच्या हप्त्यात. म्हणून पहिलं काम वही. कुणाचे, मुद्दल किती, महिन्याला व्याज किती, काय तारण ठेवलंय, जामीन कोण. एका पानात बसतं.

आता व्याजाचं बघा. "तीन टक्क्यानं घेतलेत" असं आपण सहज म्हणतो. बँकेचे टक्के वर्षाचे असतात, हे तीन टक्के महिन्याचे. वर्षाला 36 होतात. आमच्या 60,000 वर महिन्याला 1,800, वर्षाला 21,600. क्विंटलला साडेचार हजार धरले तर जवळपास पाच क्विंटल सोयाबीन. आमच्याकडे कोरडवाहूत एकरी तेवढंच निघतं. म्हणजे पाच एकरांतलं एक एकर आम्ही दरवर्षी त्या माणसासाठी पेरत होतो, खुरपत होतो, फवारत होतो. मुद्दल तिथंच. हा हिशोब मी आबांना रुपयांत सांगितला तेव्हा त्यांना काही वाटलं नाही. एकरात सांगितल्यावर त्यांनी वही स्वतःकडे ओढली.

मग मी चूक केली. तरुण रक्त, नवा पगार. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: दोन वर्षांत सगळं कर्ज फेडायचं. त्या वर्षी तुरीत मर रोग आला, निम्मं रान वाळलं, ठरवलेला हप्ता गेला नाही. मला त्या वहीकडे बघवेना. ती ट्रंकेत गेली आणि आठ महिने तिथंच राहिली. कर्ज फेडायची जिद्द पैसा नसला की संपते असं लोक म्हणतात. माझी संपली ती लाजेनं. ठरवलं होतं ते झालं नाही, म्हणून मोजायचंच बंद केलं. व्याज मात्र मोजणं बंद करत नाही.

वही परत काढली आईनं. तिनं बकरी ईदच्या आधी दोन बोकड विकले, भाव बरा होता, आणि मला म्हणाली, "ह्यात कुठलं एक पूर्ण मिटतंय ते बघ." कृषी केंद्राची उधारी मिटत होती. हिशोबानं बघाल तर ते पैसे आधी शेकडा 3 वाल्याला द्यायला हवे होते, मी तसं म्हणालेही. पण दुकानदारानं आमच्या समोर पानावर आडवी रेघ मारली, तेव्हा आबांचा चेहरा बघून मी गप्प बसले. आणि उधारीवर व्याज लिहिलेलं नसलं तरी ते असतंच. रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा खताची गोणी महाग लागते, वर माल कुठं घालायचा हे आपल्या हातात राहत नाही. तेव्हा माझं मत असं: छोटं एखादं असेल तर ते आधी पूर्ण मिटवा, घरात हुरूप येतो. पण एकच. त्यानंतर सरळ सगळ्यात जास्त व्याजाचं धरा.

आईचं एक बघून ठेवा. आबा म्हणायचे "कर्जमुक्त व्हायचंय", मी म्हणायचे "दोन लाख". आई म्हणायची "माझी पोत". आणि किती राहिलं हे ती रुपयांत कधी सांगत नव्हती. आम्ही ठरवलं होतं, सोयाबीन विकलं की मुद्दलात 20,000, तूर विकली की 10,000. महिन्याचं व्याज माझ्या पगारातून. पहिल्या सोयाबीननंतर मुद्दल 40,000 झालं, व्याज 1,800 वरून 1,200 वर आलं. तुरीनंतर 30,000, व्याज 900. मग आई म्हणायची, "आता एक सोयाबीन आणि एक तूर राहिली." तिचा आकडा आम्हाला पाठ झाला. मध्ये भावाला मोटारसायकल हवी होती, तेव्हा तोच म्हणाला, तूर होऊ द्या.

माझा पगार होता, तुमच्या घरी नसेल. मग महिन्याच्या व्याजासाठी दुधाच्या बिलातला, शेळीचा, भाजीचा एक ठरलेला भाग लावा. आणि मुद्दलाचा आकडा पैसे यायच्या आधी ठरवा. खात्यावर पैसे आल्यावर ठरवायला बसलात की दिवाळी, पाहुणे, ट्रॅक्टरवाला, सगळे रांगेत उभे असतात. ठरवताना वाईट वर्षाचा आकडाही लिहा. चांगलं पिकलं तर 20,000, नाही पिकलं तर 5,000. आमच्या वहीत दुसरा आकडा नव्हता, म्हणूनच ती ट्रंकेत गेली.

आता जे मला उशिरा कळलं ते. शेकडा 3 नं सोनं अडकलं असेल तर ते फेडत बसण्याआधी तिथून सोडवून बँकेत ठेवता येतं का बघा. बँकेचा सोनेतारणाचा दर वर्षाला 12 टक्के धरला तरी 60,000 ला महिन्याला 600 होतात, 1,800 नाही. सोडवण्यापुरते दोन दिवसांचे पैसे पाहुण्यांकडून मिळाले तरी भागतं. आम्ही हे केलं नाही. कुणाला सुचलंच नाही.

पीककर्जाचं उलट आहे. आकडा मोठा दिसतो म्हणून आधी तिथं पैसे ओतू नका. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज जवळपास लागत नाही. मात्र तारीख चुकली की सवलत गेली. गटसचिवाकडून तारीख वहीत लिहून घ्या. आणि नवं-जुनं करताना काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. दहा दिवसांसाठी शेकडा 2 नं 1,20,000 घ्यायचे आणि पूर्ण महिन्याचे 2,400 मोजायचे. बिनव्याजी कर्ज टिकवायला 2,400. हरभऱ्याच्या पैशातून थोडी रक्कम त्या तारखेसाठी खात्यात राखून ठेवली तर बाहेरून उचल तेवढी कमी.

खाजगी माणसाला देताना शक्यतो खात्यावरून द्या आणि त्यातलं मुद्दल किती, व्याज किती ते लिहून घ्या. राज्याच्या 2014 च्या सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. कर्जापोटी कुणी जमिनीचं खरेदीखत मागत असेल तर करून देऊ नका. आधीच झालं असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. कागद घेऊन माझ्याकडे या, अर्ज लिहायला मी बसेन.

कर्जमाफीची वाट बघायची का, असं बरेच जण विचारतात. 2017 ची आणि 2019 ची, दोन्ही योजना बँका-सोसायट्यांच्या कर्जासाठी होत्या. वहीतल्या शेकडा 3 च्या ओळीला त्यांचा हात लागला नाही.

वही मांडल्यावर आकडा बघून कुणाची झोप उडाली, जेवण जाईना, नको ते मनात यायला लागलं, तर घरात एकाला तरी सांगा. 14416 हा टेली मानस चा सरकारी नंबर आहे. मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

आमची पोत तिसऱ्या वर्षी तुरीच्या पैशात घरी आली. आईनं दोन दिवस घातली आणि तिसऱ्या दिवशी काढून ठेवली, खुरपताना अडकते म्हणून. पीककर्ज अजून आहे, दरवर्षी तारखेला भरतो.

येत्या गुरुवारी सकाळी 10 ते 1 मी संकलन केंद्रावर आहे. वही आणि जमलं तर घरातलं दुसरं माणूस सोबत आणा. कर्जाचे आकडे या ग्रुपवर टाकू नका, मला वेगळा मेसेज करा. आणि ज्यांचं सोयाबीन कापून पडलंय त्यांनी गंजी झाकून ठेवा, आभाळ आलंय.

तुमची कृषी सल्लागार