सर्व संतांचा सण

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात भाताची कापणी उरकून खळ्यांवर झोडणी सुरू होते, त्याच सुमारास, म्हणजे १ नोव्हेंबरला, कॅथलिक ख्रिस्ती समाज सर्व संतांचा सण पाळतो. ज्यांची नावे रोमच्या दप्तरी रीतसर दाखल झाली त्यांच्याबरोबरच, ज्यांच्या पुण्याईची दखल कोणत्याही दरबाराने घेतली नाही अशा असंख्य अनामिक सत्पुरुषांचे व साध्वींचेही स्मरण व्हावे, हा या सणाचा आशय. आणि मला तरी तो दप्तरी संतपदाहून अधिक उदार वाटतो. दप्तराची चाल किती मंद, हे याच जिल्ह्यातील वसईच्या संत गोन्सालो गार्सियांच्या चरित्रावरून कळते: ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर भाल्यांनी विद्ध होऊन त्यांनी देह ठेवला, १६२७ मध्ये त्यांना धन्यपद मिळाले, आणि संतपद जाहीर झाले ते थेट १८६२ साली, नवव्या पायस पोपच्या कारकिर्दीत!

पुष्कळांची गल्लत होते म्हणून सांगतो: कबरी स्वच्छ करून त्यांवर फुले व मेणबत्त्या ठेवतात तो मृतांचा दिन निराळा, २ नोव्हेंबरचा, पहिला दिवस स्वर्गस्थांच्या गौरवाचा, दुसरा दिवंगतांसाठी प्रार्थनेचा.